पडद्यावरचा प्राणी हातात: लेटेक्सच्या पपेटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तक्रारी बहुतेक लेटेक्सबद्दल येतात: चिकटलं, फाटलं, आक्रसलं, काळं पडलं. त्यांचं मूळ मात्र लेटेक्सच्या डब्यात क्वचितच सापडतं. ते साच्यात असतं, नाहीतर रबराच्या कातडीच्या जाडीत. म्हणून उत्तरं कामाच्या क्रमाने लावली आहेत. तुमची अडचण रंगाची असली तरी प्रश्न ६, ९ आणि १० आधी वाचून घ्या.

१. लेटेक्सचं पपेट म्हणजे आत-बाहेर नेमकं काय असतं?

बाहेर दोन-तीन मिलिमीटर जाडीची रबराची पोकळ कातडी असते. आत डोळे बसवायला कडक कवटी, जबड्याच्या वरच्या-खालच्या पट्ट्या, आकार धरून ठेवणारा फोम आणि हात घालायला जागा. कातडीसाठी आधी मातीत प्राणी घडवायचा, त्यावर प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि माती काढून टाकायची. मग साच्यात लेटेक्स ओतायचं, भिंतीवर थर धरला की उरलेलं परत डब्यात काढायचं आणि वाळलेली कातडी सोलून घ्यायची. साचा उघडताना मातीचं मूळ शिल्प बहुधा मोडतं, त्यामुळे साचा घेण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. रंगवताना ते लागतात.

२. दुकानात पाच प्रकारचं लेटेक्स दिसतं. कोणतं घेऊ?

ज्यावर ‘कास्टिंग’ किंवा ‘स्लिप’ लिहिलंय ते. प्लास्टरच्या भिंतीवर आपोआप थर धरेल अशा बेताने ते बनवलेलं असतं. साचे बनवण्याचं लेटेक्स घट्ट असतं, ते ब्रशने थरावर थर द्यायला ठीक. मेकअपचं लेटेक्स पपेटच्या मानाने फार नाजूक. भिंतीला लावायच्या ‘लेटेक्स पेंट’मध्ये नैसर्गिक रबर नसतंच, ते घेऊ नका.

डब्यावर घन पदार्थांचं प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास असावं. झाकण उघडल्यावर अमोनियाचा वास यायलाच हवा, कारण त्याच्यामुळेच लेटेक्स डब्यात पातळ राहतं. वास कुजका असेल किंवा आत गाठी झाल्या असतील तर त्या डब्याची कातडी टिकणार नाही. लेटेक्स उघड्या धातूच्या भांड्यात ठेवू नका, आणि थंडीत गोठूही देऊ नका. एकदा गोठलं की ते पूर्ववत होत नाही.

३. चित्रपटात फोम लेटेक्स वापरतात असं वाचलं. घरी तेच करू का?

पहिल्या पपेटसाठी नको. फोम लेटेक्स फेसून हवा भरलेलं असतं, त्यामुळे ते हलकं आणि फार लवचीक होतं, आणि पडद्यावरच्या चेहऱ्यांना ती मऊ हालचाल त्यातूनच मिळते. पण त्यात फेस आणणारं, पक्कं करणारं आणि गोठवणारं अशी वेगवेगळी रसायनं मोजून घालावी लागतात. फेसण्याचा वेळ खोलीच्या तापमानावर आणि दमटपणावर बदलतो, आणि शेवटी साच्यासकट ते भट्टीत शंभर अंशांच्या आत काही तास भाजावं लागतं. गोठवण्यासाठी सहसा वापरतात ते सोडियम सिलिकोफ्लोराइड विषारी आहे. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये हे काम करायचं नाही, एकदासुद्धा.

ओतीव लेटेक्सची पातळ कातडी आणि तिच्यामागे कापून बसवलेला मऊ फोम एवढ्यानेही फार चांगली हालचाल मिळते. पुढची सगळी उत्तरं याच पद्धतीची आहेत.

४. घरात लहान मुलं आहेत. हे काम कितपत सुरक्षित?

सगळ्यात आधी ॲलर्जीचं बघा. नैसर्गिक लेटेक्सची ॲलर्जी खरी असते आणि काही लोकांत ती जिवावर बेतते. घरात कुणाला फुग्यांमुळे किंवा रबरी हातमोज्यांमुळे खाज, सूज, श्वासाचा त्रास झाला असेल तर या सामानाला हात लावू नका. केळं, ॲव्होकॅडो किंवा किवी खाऊन तोंडाला खाज येणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावं, कारण या ॲलर्जी अनेकदा जोडीने असतात. हातमोजे नायट्राइलचे घ्या.

अमोनियामुळे डोळे आणि घसा चुरचुरतो, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात. कोरडं प्लास्टर आणि टाल्कम पावडर उडवताना मास्क लावा. प्लास्टर घट्ट होताना तापतं, जाड गोळा ६० अंशांपर्यंत जातो. त्यात हात बुडवून हाताचा ठसा घ्यायचा खेळ मुलांना कधीही करू देऊ नका, त्यात गंभीर भाजतं. उरलेलं प्लास्टर सिंकमध्ये ओतलं तर पाइपात दगड होतो. आणि कपड्यावर सांडलेलं लेटेक्स वाळलं की निघत नाही.

५. मापं कुठून काढायची? आणि आक्रसण्याचं काय?

पडद्यावर प्राण्याशेजारी ज्या वस्तूचं माप ठाऊक आहे ती शोधा: माणसाचा तळहात, दाराची मूठ, टेलिफोन. त्यावरून डोक्याची उंची काढा. प्राणी आणि वस्तू कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असलेली चौकट निवडा. अगदी जवळून घेतलेल्या दृश्यात नाक फुगलेलं आणि कान मागे गेलेले दिसतात, त्यावरून प्रमाण काढलं तर चेहरा चुकतो.

ओतीव लेटेक्स वाळताना साधारण ५ ते १० टक्के आक्रसतं. नेमकं किती, ते तुमच्या डब्यावर, जाडीवर आणि त्यातल्या भरावावर ठरतं. म्हणून दुसऱ्याचा आकडा घेऊ नका. प्लास्टरच्या लादीत १०० मिलिमीटर लांबीची खाच करा, तीत लेटेक्स ओता, पट्टी सोला आणि आठवड्याने मोजा. ९३ भरली तर शिल्प त्या हिशेबाने मोठं करा. डोळ्यांच्या बाबतीत हे विसरलात तर महागात पडतं, कारण तयार डोळा आक्रसत नाही, खोबण मात्र लहान होते.

६. माती कोणती, आणि शिल्प करताना तोंड उघडं ठेवू की बंद?

माती तेलाची चालेल, कुंभारकामाचीही चालेल. तेलाची वाळत नाही, त्यामुळे महिनाभर सवडीने काम करता येतं. कुंभारकामाची स्वस्त आणि झपाट्याने वळते, पण रोज ओल्या फडक्यात गुंडाळावी लागते.

तोंडाचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. ओठ जरासे विलग ठेवा, झोपेत सैल पडलेल्या चेहऱ्याइतके. बंद तोंडाची कातडी उघडताना ताणली जाते आणि जबडा तिच्या ओढीने परत मिटतो. वासलेल्या तोंडाची कातडी मिटताना गालावर विचित्र गोळा होते.

माती हातात घेण्यापूर्वी कागदावर चेहरा काढा आणि कुठे हलणार त्या जागा रंगवा: ओठांचे कोपरे, पापण्यांच्या कडा, मानेचा मागचा भाग. तिथे मातीतच सुरकुत्या घाला, आणि त्या ओढीच्या दिशेला आडव्या जातील असं बघा. जबडा खाली जातो तेव्हा गालाच्या उभ्या ओढीला लागणारी जादा कातडी त्या आडव्या घड्यांतून येते. ओठाच्या कोपऱ्याबाहेर एक खोल घडी आणि तिच्या मागे दोन उथळ घड्या घातल्या, की तीच कातडी तिप्पट सहज हलल्यासारखी वाटते. कपाळ, नाकाचा दांडा, कवटी हलणार नाहीत. तिथे हवा तेवढा बारकावा कोरा.

खवले किंवा रंध्रं उमटवायची असतील तर मातीवर पातळ प्लास्टिक पसरून वरून टोचा. कडा मऊ येतात आणि कातडी जिवंत वाटते.

७. साचा प्लास्टरचाच का? सिलिकॉनचा नको?

प्लास्टर लेटेक्समधलं पाणी शोषतं आणि भिंतीलगत रबर जमत जातं. सगळी पद्धत या शोषणावर उभी आहे. सिलिकॉन किंवा फायबरग्लास पाणी शोषत नाही, तिथे प्रत्येक थर ब्रशने लावून वाळवत बसावं लागतं. फार कठीण जातीचं प्लास्टरही कमी शोषतं. कुंभारकामाच्या साच्यांचं प्लास्टर उत्तम.

१०० भाग प्लास्टरला वजनाने ७० भाग पाणी इथून सुरुवात करा. पाण्यात प्लास्टर भुरभुरवा, प्लास्टरवर पाणी ओतू नका. भिजू द्या, मग बुडबुडे न आणता सावकाश ढवळा. पहिला पातळ थर ब्रशने प्रत्येक सुरकुतीत जाऊ द्या. पुढचे थर जाड, आणि त्यात प्लास्टरमध्ये बुडवलेले गोणपाटाचे तुकडे किंवा काथ्या. भिंत सगळीकडे सारख्या जाडीची हवी, नाहीतर कातडीही कमी-जास्त जाडीची येते.

डोक्याला बहुतेक वेळा दोन भाग पुरतात, पुढचा आणि मागचा. जोडरेषा कानांच्या मागून, डोक्याच्या सर्वांत रुंद रेषेवरून न्या. रबर वाकतं, त्यामुळे लहानसहान अडक चालून जाते. लांब शिंगं आणि पंखासारखे कान मात्र वेगळे ओता आणि नंतर जोडा.

८. साच्याला आतून तेल किंवा व्हॅसलीन लावू का, म्हणजे चिकटणार नाही?

नाही. तेलाने प्लास्टरची छिद्रं बुजतात, थर धरत नाही, आणि तेल रबरालाही खातं. कोरड्या प्लास्टरवरून वाळलेलं लेटेक्स आपणहून सुटतं. साबणाचा थर फक्त एकाच जागी लागतो: साच्याचा दुसरा भाग ओतताना पहिल्या भागाच्या प्लास्टरच्या कडेवर, म्हणजे दोन प्लास्टर एकमेकांना धरणार नाहीत.

९. साचा वाळला हे कसं ओळखू?

गालाला लावा. गार लागला तर आत पाणी आहे. त्याहून खात्रीचा उपाय वजनकाटा: रोज एकाच वेळी वजन करा, सलग दोन दिवस ते कमी झालं नाही की साचा वाळला. जाड साच्याला आठवडा सहज लागतो. घाईने तापवायचं असेल तर ५० अंशांच्या वर नेऊ नका, प्लास्टर भुसभुशीत होतं. वापरात असलेला साचाही दर एक-दोन ओतांनंतर परत वाळवावा लागतो. ‘पहिली कातडी छान आली, तिसरी पातळ आली’ या तक्रारीमागे हेच असतं.

१०. ओतायचं कसं, किती वेळ ठेवायचं?

साच्याचे भाग पट्ट्याने घट्ट बांधा, सांधा बाहेरून मातीने बुजवा आणि मानेचं तोंड वर करून ठेवा. डबा हलवू नका, काठीने सावकाश ढवळा. आधी थोडं लेटेक्स ओतून साचा सगळ्या बाजूंनी फिरवा आणि नाकाचं टोक, पापण्या, ओठांच्या कडांवर मऊ ब्रश फिरवून अडकलेली हवा काढा. मग भिंतीच्या कडेने धार धरत काठोकाठ भरा. पातळी खाली जाताना दिसेल, ते पाणी शोषलं जातंय. वर भर घालत राहा.

पाऊण तासाने मानेच्या तोंडाशी बोथट काडीने कड जराशी ओढून जाडी बघा. दोन मिलिमीटर दिसली की उरलेलं लेटेक्स गाळून डब्यात परत ओता. साचा उलटा टांगा आणि थेंब पूर्ण थांबू द्या, नाहीतर नाकात तळं साचतं आणि ती जागा दिवसेंदिवस ओली राहते.

आता प्रश्न ६ मधला रंगवलेला कागद परत काढा. हलणाऱ्या जागा आहेत तशा राहू द्या. कपाळ, मानेची कड, शिंगांचा बुंधा यांना ब्रशने आतून आणखी दोन-तीन थर द्या. सगळीकडे एकाच जाडीचं डोकं मुखवट्यासारखं दिसतं. पातळ ओठ आणि भरभक्कम कपाळ असलेलं डोकं बोलू लागतं. या एका पायरीला वेळ द्याल तेवढा थोडा आहे.

आत पंख्याची हवा जाईल असं ठेवून एक-दोन दिवस वाळवा. ओलं लेटेक्स पांढरं असतं, वाळलं की पिवळसर. पांढरा डाग दिसतोय तोवर सोलू नका. सोलण्यापूर्वी आत भरपूर टाल्कम पावडर टाका आणि कातडी सुटेल तसतशी तिच्या मागेही टाकत जा. ताजं रबर स्वतःलाच चिकटलं तर ते सोडवता येत नाही.

११. कातडीला भेगा पडल्या / कातडी साच्याला धरून बसली / सगळीकडे बारीक खड्डे आले.

भेगा म्हणजे एका दमात फार जाड थर, किंवा वरून जोरात तापवणं. जाडी हवी तर आधीचा थर पिवळसर झाल्यावर पुढचा द्या. धरून बसली असेल तर बहुधा मातीचा अंश साच्यात राहिला आहे. पहिली कातडी साचा साफ करण्यासाठीच ओता आणि फेकून द्या, मातीचे कण तिच्याबरोबर निघतात. खड्डे म्हणजे हवा: ओतताना धार उंचावरून पडली किंवा ब्रशचा थर राहिला.

१२. जोडरेषा कशी घालवू?

वर आलेली कड बाकदार कात्रीने कापा. मग स्पंजच्या तुकड्याने लेटेक्स थोपटत पातळ थर द्या. पुसू नका, थोपटा, म्हणजे शेजारच्या कातडीसारखा पोत उतरतो. ओलं असताना रेघ गेल्यासारखी वाटते आणि वाळल्यावर परत दिसते, तेव्हा थांबत थांबत काम करा.

१३. तोंड हलवायचं तंत्र कसं बसवू?

हात थेट तोंडात जाणारं पपेट सर्वांत बोलकं. पातळ प्लायवूड किंवा प्लास्टिकच्या दोन पट्ट्या कापडी बिजागरीने जोडा. वरच्या पट्टीत चार बोटं, खालच्या पट्टीत अंगठा. पट्ट्यांवर बोटांसाठी इलॅस्टिकचे पट्टे लावा, नाहीतर हात घसरतो. बिजागरी ओठांच्या कोपऱ्याच्या थेट मागे यायला हवी. ती फार मागे गेली तर अख्खा गाल वर-खाली होतो.

पट्ट्या कातडीला ओठांपाशीच चिकटवा, गाल मोकळे ठेवा. चिकटवायला संपर्क-चिकट (कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह) चालतं: दोन्ही बाजूंना लावून कोरडं होऊ द्या, मगच दाबा. त्यातल्या द्रावकाने पातळ लेटेक्स तात्पुरतं फुगतं आणि वळतं, घाबरू नका, ते उडून गेलं की कातडी परत बसते.

चालवताना अंगठा खाली न्यायचा, बोटं वर उचलायची नाहीत. बोटं उचलली की प्रत्येक अक्षराला प्राणी आभाळाकडे बघतो.

लहान हालचालींसाठी, म्हणजे भुवया किंवा नाकपुड्यांसाठी, सायकलच्या ब्रेकची केबल उत्तम. तिची म्यानवजा नळी दोन्ही टोकांना पक्की बांधली तरच ओढ पोहोचते. परतीसाठी रबरबँड नको, स्प्रिंग लावा.

१४. सगळं नीट जमलं, तरी प्राणी मेलेला वाटतो. का?

डोळे. दोन्ही बुबुळं अगदी समांतर लावली की नजर पोकळ वाटते. ती किंचित आत वळवा, म्हणजे पपेट साधारण एका हाताच्या अंतरावरच्या माणसाकडे बघेल. पक्की करण्याआधी मातीच्या गोळीवर टेकवून समोरून फोटो काढा. फोटोत चूक लगेच कळते.

डोळा नुसता रंगवलेला गोळा नको. मागे रंगवलेलं बुबुळ आणि पुढे पारदर्शक ॲक्रिलिकची घुमटी असली की प्रकाश आत शिरतो. वरची पापणी बुबुळाला जराशी झाकेल अशी ठेवा, पूर्ण उघडं बुबुळ दचकलेलं दिसतं. आणि एकच हालचाल करता येणार असेल तर मिटणारी पापणी करा. बुबुळ फिरवण्यापेक्षा तिने जास्त जीव येतो.

१५. ॲक्रिलिक रंगाचे पोपडे निघतात. काय वापरू?

नुसतं ॲक्रिलिक रबराइतकं ताणत नाही. लेटेक्समध्येच पाण्यातला रंग थोडा मिसळून पातळ थर द्या. ते वाळल्यावर गडद होतं, म्हणून कातडीच्या जादा तुकड्यावर आधी करून बघा. दुसरा मार्ग मेकअपवाले वापरतात तो: प्रोस-एड हा चिकट पदार्थ आणि ॲक्रिलिक यांचं मिश्रण, ‘पॅक्स’. ते कातडीबरोबर ताणतं, पण वाळल्यावर चिकट राहतं, पावडर लावावी लागते.

रंग देण्याआधी कातडी कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, नाहीतर रंग टाल्कम पावडरवर बसतो. एका गडद रंगाने सगळं झाकू नका. पातळ लाल, मग पिवळा, मग हिरवा अशा शिंतोड्यांतून खालचा थर दिसत राहिला पाहिजे. एअरब्रशमध्ये लेटेक्स घालू नका, सुई बुजते.

१६. पपेट किती वर्षं टिकेल?

जपण्यावर आहे. लेटेक्सला ऊन, ओझोन, तेल आणि उष्णता मारतात. तांब्यानेही रबर सडतं, त्यामुळे सांगाड्याला तांब्याची किंवा पितळेची तार वापरू नका, ॲल्युमिनियम किंवा स्टील घ्या. १९३३ सालच्या ‘किंग काँग’च्या एका मॉडेलचा धातूचा सांगाडा आजही आहे, त्यावरचं रबर आणि सशाची कातडी मात्र कधीच झडून गेली.

आत पॉलिस्टरचा कापूस भरून आकार धरून ठेवा, घडी घालू नका, अंधाऱ्या थंड जागी ठेवा. चालत्या विजेच्या मोटारीजवळ नको, तिथे ओझोन तयार होतो. आणि साचा जपा. कातडी गेली तर नवी ओतता येते.

१७. ओठाचा कोपरा फाटला. आता?

दोन्ही कडा स्वच्छ करून लेटेक्स लावा, कोरडं होऊ द्या आणि कड कडेला दाबा, ते स्वतःला धरतं. मग मागून पातळ ताणणाऱ्या कापडाचा तुकडा लेटेक्सनेच चिकटवा. न ताणणारं कापड लावलं तर पुढची चीर त्याच्या कडेलाच पडते. पुन्हा पुन्हा तिथेच फाटत असेल तर बिजागरीची जागा तपासा (प्रश्न १३).

१८. त्याच साच्यात पुढे सिलिकॉन ओतता येईल?

प्लॅटिनम सिलिकॉन (प्लॅटिनमच्या मदतीने पक्कं होणारं) नाही. लेटेक्सचा अंशही राहिला तर ते चिकटच राहतं. गंधक असलेल्या मातीचंही तसंच आहे. सिलिकॉनचा बेत असेल तर वेगळा साचा, आणि मातीही गंधक नसलेली.

१९. स्वतः केलेली प्रतिकृती विकली तर चालेल?

पात्राच्या रूपावर हक्क निर्मात्यांचे असतात. घरात ठेवायला करणं आणि विकणं यांत मोठा फरक आहे. विकायची असेल तर परवाना लागतो, आणि नियम देशागणिक बदलतात. दुसऱ्या कारागिराने विकलेल्या कातडीवरून साचा काढून आपल्या नावाने ओतणं मात्र कुठेच करू नका. त्याने महिने घालून केलेलं शिल्प ते. या कामातली माणसं ते विसरत नाहीत आणि विसरूही नये.

२०. मला हवा तो प्राणी संगणकावर बनवलेला आहे. त्याचं पपेट होईल?

होईल, पण जसाच्या तसा नाही. संगणकावरच्या प्राण्याच्या मानेत हात मावायची गरज नसते, तुमच्या मावायला हवा. आधी पुठ्ठ्याची नळी मनगटाभोवती गुंडाळून मानेची सर्वांत कमी जाडी काढा आणि त्या मानाने डोकं मोठं करा, मान तशीच बारीक दिसेल. त्याचं तोंड दहा प्रकारे वळतं, तुमचं दोन-तीन प्रकारे वळेल. म्हणून चित्रपटातला त्याचा एकच भाव निवडा, सर्वांत जास्त वेळ चेहऱ्यावर राहणारा, आणि तो शिल्पातच कोरून टाका. डोळे चमकदार, मोठे आणि अगदी पुढे आलेले असतील तर पापणी त्यांच्यावरून सरकते का, हे माती लावण्याआधी रिकाम्या कवटीवर तपासा. सरकत नसेल तर डोळा दोन मिलिमीटर मागे घ्या. एवढा फरक सहसा कुणाला कळत नाही, अडकलेली पापणी सगळ्यांना दिसते.